धक्का कुठे होता? पूर्व किनाऱ्याच्या नकाशाच्या नोंदी

12 ऑक्टोबर 2025, रविवार

कागद ताणून लावला. साडेचार फूट लांबीची एकच पट्टी, खाली गेटवेजवळचं पालवा बंदर, वर शिवडी. या पट्टीवर मुंबईचा पूर्व किनारा काढायचा: आधी कुठे होता, मग कुठे सरकला, आज कुठे आहे. माझगावातल्या एका वाचनालयाने जानेवारीपर्यंत भिंत देऊ केली आहे. भाची मोजमापाला मदत करणार. नकाशे शोधायचं काम शाळेत इतिहास शिकवणाऱ्या मैत्रिणीने अंगावर घेतलं आहे.

हे काम आत्यामुळे डोक्यात शिरलं. आत्या आता ब्याऐंशीची आहे. लहानपणी ती देवगडहून बोटीने मुंबईत आली आणि भाऊच्या धक्क्यावर उतरली. गणपतीत मी तिला विचारलं, "आत्या, नक्की कुठे उतरलात गो तुम्ही?" तर म्हणाली, "धक्क्यावर." मी म्हटलं, "अगो, पण धक्का कुठे?" तिला हा प्रश्नच कळेना. धक्का तो धक्का.

मला मात्र तो प्रश्न सोडवेना. पूर्व किनाऱ्यावरच्या जमिनीचं पुढे काय करायचं याचे आराखडे गेली कित्येक वर्षं निघत आहेत. फिरायला रस्ता, बाग, मरीना, क्रूझ. त्या रंगीत चित्रांत पाणी नेहमी एकाच पातळीवर असतं आणि धक्क्यावर उतरणारं माणूस कधीच नसतं.

26 ऑक्टोबर, रविवार

भाऊबीज झाली, कामाला लागलो. आज नुसतं चालणं. बोरीबंदरापासून सुरुवात करून कर्नाक बंदर, मसजिद बंदर, चिंचबंदर, वाडीबंदर असं वर वर सरकत गेलो. एकाही बंदरावर पाणी नाही. मसजिद बंदर आता लोकलचं स्टेशन आहे आणि वाडीबंदरला रेल्वेचं यार्ड. बोरीबंदरावरून तर 16 एप्रिल 1853 ला ठाण्याची पहिली गाडी सुटली, म्हणजे ती 'बंदर' असण्याची गोष्ट त्याच्याही आधीची.

भाचीने वहीत या नावांची वेगळी यादी केली. त्यात तिने पायधुणी आणि उमरखाडीही घातली. मी आधी नको म्हणत होते, कारण ती बंदरं नाहीत. पण तिचं बरोबर आहे. जिथे खाडी ओलांडून आल्यावर माणसं पाय धूत ती पायधुणी, आणि उमरखाडीत तर खाडी नावातच आहे. ओळखीची ही नावं एकामागून एक जोडली की जुन्या पाण्याची कड आपोआप उमटते. आमच्याकडचा सगळ्यात जुना नकाशा हाच, आणि तो लोकांच्या तोंडात आहे.

कर्नाक बंदरचा जुना पूल 2022 च्या नोव्हेंबरात पाडला. नवा पूल यंदा जुलैत सुरू झाला, त्याचं नाव सिंदूर पूल. तिथे उभं राहून दोघा-तिघांना कर्नाक बंदर कुठे म्हणून विचारलं. हातगाडीवाल्या मामांनी लगेच हात केला. कॉलेजच्या मुलाला मात्र सांगता आलं नाही. पुढच्या दहा वर्षांत इथल्या बंदराचा उरलेला शब्दही पुसला जाईल, म्हणून पट्टीवर हे नाव मोठ्या अक्षरात घालायचं ठरवलं.

8 नोव्हेंबर, शनिवार, संकष्टी

आज भाऊचा धक्का. डॉकयार्ड रोडला उतरून खाली चालत गेलो. बंदराच्या हद्दीत फोटोला परवानगी लागते. ती घेण्यात वेळ घालवण्यापेक्षा हाताने रेखाटणं बरं वाटलं. रेखाटताना माणूस एका जागी तासभर उभा राहतो आणि तासाभरात पाणी बोलायला लागतं.

कोळ्यांचा हिशोब करून पाहिला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आज चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन. धक्क्यावर जाळं शिवत बसलेल्या काकांना विचारलं तर म्हणाले, "अडीचला बघा, पाणी थांबेल." अडीचच्या सुमारास खरंच थांबलं. म्हटलं, "काका, हिशोबात तीन येतात." ते म्हणाले, "हिशोब बोटावरचा असतो, ताई. पाणी डोळ्यानं बघायचं."

पौर्णिमा होऊन तीनच दिवस झालेत, म्हणून अजून उधाणाचं पाणी. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी कमी चढतं आणि कमीच उतरतं. उधाणाला मुंबई बंदरात भरती-ओहोटीमधला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. पाच मीटर म्हणजे दीड मजला. सकाळी ज्या होडीत खाली वाकून टोपली द्यावी लागते, तीच होडी दुपारी डोक्याइतकी वर आलेली असते. या किनाऱ्यावर जे काही बांधलं गेलं, ते या दीड मजल्याला दिलेलं उत्तर आहे. पायऱ्या हे त्यातलं सगळ्यात जुनं उत्तर: पाणी कुठेही असो, एक पायरी त्याच्या पातळीला असतेच.

अलिबागकडच्या रेवसच्या आणि उरणकडच्या मोऱ्याच्या लाँचेस दिवसभर ये-जा करत होत्या. शेजारी मासळीचा धक्का, बर्फाच्या गाड्या, टोपल्या, आरडाओरडा. पलीकडे रो-रोचं, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीचं टर्मिनल, तिथे गाड्यांची शांत रांग. तिन्ही गोष्टी एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर, आणि तिन्हींचा उल्लेख लोक 'भाऊचा धक्का' असाच करतात.

16 नोव्हेंबर, रविवार

दिवसभर वाचन. मैत्रिणीने आणलेल्या प्रती आणि माझ्या टिपा समोरासमोर ठेवल्या. सापडलं ते सविस्तर लिहून ठेवते, पट्टीवर याचा चौथा हिस्साही मावणार नाही.

भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी समुद्रात भर घालून धक्का उभारला आणि लोकांनी त्याला त्यांचंच घरगुती नाव दिलं. कागदोपत्री बंदरांना गव्हर्नरांची नावं होती, कर्नाक काय नि क्लेअर काय. लोकांच्या तोंडी राहिला तो भाऊ. आणि मुख्य गोष्ट: हा मूळ धक्का आजच्या जागी नव्हता. तो दक्षिणेला, कर्नाक बंदराच्या बाजूला होता. परवा सिंदूर पुलाच्या आसपास आम्ही फिरत होतो तोच तो भाग.

मग किनारा पळायला लागला. 1858 पासून एल्फिन्स्टन कंपनीने इथे भर घालायला सुरुवात केली. पुढे लवकरच कापसाची तेजी आली, जमिनीला सोन्याचा भाव. जुनी बंदरं भरावाच्या आत गेली. सगळा किनारा खाजगी कंपन्यांच्या हाती जाणार हे सरकारच्या लक्षात आलं, त्यांनी कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत एकामागून एक गोद्या खणल्या: प्रिन्सेस डॉक 1880, व्हिक्टोरिया डॉक 1888, अलेक्झांड्रा डॉक 1914. शेवटच्या गोदीचं आजचं नाव इंदिरा डॉक. कुलाब्याची ससून गोदी या सगळ्यांच्या आधीची, 1875 ची.

गोदी कशाला? पुन्हा तेच दीड मजल्याचं पाणी. मोठं जहाज उघड्या धक्क्याला लावलं तर ओहोटीला चिखलात बसेल. म्हणून ते बाहेर नांगरायचं आणि माल पडावांतून, म्हणजे छोट्या होड्यांतून आणायचा. गोदीला दरवाजे असतात. भरतीला ते उघडून जहाज आत घ्यायचं, पाणी उतरायच्या आत दरवाजे लावायचे. आतलं पाणी वरच राहतं आणि जहाज धक्क्याला लागून तरंगतं. पडाववाल्यांची कितीतरी कामं त्या दरवाज्यांनी गेली असतील.

अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेली माती भरावात टाकून बॅलार्ड इस्टेट तयार झाली. म्हणजे एका बाजूला पाणी आत घेण्यासाठी जमीन खणली आणि त्याच मातीने दुसरीकडे पाणी बाहेर ढकललं. आणि आता? प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या कंटेनर ठेवायला जागा हवी म्हणून अलीकडे बुजवल्या. 14 एप्रिल 1944 ला दुपारी चारनंतर ज्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा भरलेलं जहाज फुटलं, ती व्हिक्टोरिया गोदी आज पाणी म्हणून अस्तित्वातच नाही. आग विझवताना गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ 14 एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. दिवस राहिला, पाणी गेलं. हे वाचून मी बराच वेळ पेन्सिल उचलली नाही.

पट्टीवर या दोन गोद्या तुटक निळ्या रेषेने काढायच्या. पूर्ण कोऱ्या ठेवायच्या नाहीत.

23 नोव्हेंबर, रविवार

चूक सापडली. जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना मी वाडीबंदरचा रस्ता आधाराला धरला होता. रस्ताच पुढे कधीतरी सरकला आहे, त्यामुळे सगळा किनारा तिरका बसला. पंधरा दिवसांचं पेन्सिलकाम खोडलं. आता न हलणाऱ्या खुणा धरल्या: 1718 चं सेंट थॉमस कथीड्रल आणि 1833 चा टाउन हॉल. दोन्हींचे कोपरे जुळले आणि बाकीचं आपसूक जागेवर आलं.

4 डिसेंबर, गुरुवार, दत्तजयंती

पौर्णिमेची ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास. अर्धी रजा टाकून एका जुन्या बंदराच्या पायऱ्यांवर गेलो. बरोबर एक गवंडी काका होते, चुन्याच्या कामात आयुष्य गेलेले. ओहोटीला पायरीमागून पायरी उघडी होत गेली. वरच्या सात कोरड्या, त्याखालच्या हिरव्या शेवाळाच्या, त्याखालच्या कालवांनी मढलेल्या. कालवं कुठे सुरू होतात ती रेषा पाहिली की रोज पाणी किती वेळ तिथे राहतं ते कळतं. भाचीने प्रत्येक पायरी मोजली. उंची सगळीकडे सारखी, पण कडेचा दगड मधोमध बोटभर झिजलेला. शंभर-दीडशे वर्षांच्या पावलांनी.

काका दर्ज्यांकडे, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांकडे बघत होते. बहुतेक दर्जे कधीतरी सिमेंटने भरलेत. त्यांनी नखाने एका ठिकाणी उकरलं, सिमेंटची पट्टी तशीच अख्खी सुटून हातात आली, मागे ओली भुकटी. म्हणाले, "सिमेंट तोंड बंद करतं. आत गेलेलं खारं पाणी बाहेर कुठून जाणार? मीठ आतच फुगतं आणि दगडाची कड फोडतं." एका पायरीची कड खरंच पापुद्र्यांनी सुटली होती. चुना श्वास घेऊ देतो, आणि झिजायचं झालं तर स्वतः झिजतो, दगड राहतो.

मी विचारलं, पण चुना पाण्याखाली घट्ट कसा होतो? काकांनी समजावलं: नुसता कळीचा चुना विरवून लावला तर समुद्रात धुपून जाईल. त्यात सुरखी लागते, भाजक्या विटेची भुकटी. ती चुन्याशी मिळाली की मिश्रण हवेशिवायही, पाण्याखालीही धरतं. मग चुन्याच्या घाणीत मिश्रण किती वेळ मळायचं, वाळू धुतलेलीच का हवी, भिंतीत एक दगड लांबीने आत का शिरवायचा आणि शेजारचा आडवा का ठेवायचा, हे सगळं ते सांगत राहिले. अंधार पडला तेव्हा मोबाइलच्या उजेडात मी चार पानं भरली होती.

जुन्या धक्क्यांच्या नूतनीकरणाची कामं निघतील तेव्हा निविदेत 'दर्जे भरणे' एवढे दोनच शब्द असतील. त्या दोन शब्दांच्या मागचं हे ज्ञान कुठे लिहिलं जाणार? म्हणून पट्टीच्या उजव्या कडेला या पायऱ्यांचा छेद काढायचा आणि काकांचं सगळं सांगणं त्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहायचं. नाव नको म्हणाले, तर फक्त 'गवंडी काका' असं.

14 डिसेंबर, रविवार

आज पुनर्वापर पाहिले. बॅलार्ड बंदरचं द्वार: 1920 मध्ये, बॅलार्ड पियर पूर्ण झाल्याची खूण म्हणून बांधलेलं, रचना जॉर्ज विटेट यांची, ज्यांनी गेटवेही रेखला. बॅलार्ड हे पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष. या पियरवर विलायतेची डाक उतरायची आणि थेट शेजारच्या मोल स्टेशनातल्या गाडीत चढायची. 1928 मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेलही इथून सुटायची. ते दार बरीच वर्षं विस्मरणात गेलं होतं, नौदलाने ते दुरुस्त करून जपलं, आत छोटं संग्रहालय केलं. दगडकाम सुंदर राखलं आहे आणि मनापासून केलेलं दिसतं. पण दारातून समुद्र दिसत नाही. दार आहे, पलीकडे जायचं ते पाणी नाही.

बॅलार्ड पियरचं खुद्द काम मात्र पुन्हा चालू झालं आहे. इंदिरा डॉकच्या कडेला तिथेच आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभं राहिलं, यंदाच्या सप्टेंबरात उद्घाटन झालं. शंभर वर्षांनंतर त्याच जागी बोटीतून माणसं उतरतात. दगड एकही जुना नसेल, तरी मला हा पुनर्वापर अधिक खरा वाटतो.

दुपारी ससून गोदी. 2017 च्या हिवाळ्यात इथे मोठं कलाप्रदर्शन भरलं होतं. मी तेव्हा आले होते आणि मुंबईतली कितीतरी माणसं गोदीत पहिल्यांदाच आली होती. भिंतीवरची काही चित्रं आता खाऱ्या हवेने विटली आहेत. त्यांच्याखाली बसून बायका कोलंबी सोलत होत्या. एका मावशींना विचारलं, चित्रं आवडायची का? "आवडायची ना. पण बाई, आम्हाला इथे नळ हवा होता." हे वाक्य आहे तसं वहीत लिहिलं. पट्टीवरही जाईल.

28 डिसेंबर, रविवार

रो-रोने मांडव्याला. ही सेवा 15 मार्च 2020 ला सुरू झाली, आठवड्याभरात टाळेबंदीने थांबली आणि त्याच वर्षी पुन्हा चालू झाली. रस्त्याने पेण-अलिबाग करत गेलं तर शंभर किलोमीटरच्या वर पडतं, इथे तासाभरात पोहोचतो. मला पाहायचा होता तो तरंगता धक्का. गाडी बोटीत चढते तो उतार एका टोकाला जमिनीवर टेकलेला आणि दुसऱ्या टोकाला तरंगत्या फलाटावर. पाणी चढलं की फलाट चढतो, उतार सपाट होतो. पाणी उतरलं की उतार वाढतो. दगडी पायऱ्यांनी पाण्याच्या प्रत्येक पातळीला एक पायरी ठेवली होती, इथे पायरीच पाण्याबरोबर वर-खाली होते. भाचीला हे दाखवताना मला भलताच आनंद झाला.

मांडव्याच्या वाटेवर खलाशाला काशाचा खडक कुठे म्हणून विचारलं. त्याने नुसता हात केला आणि गप्प झाला. 17 जुलै 1947, आषाढी अमावास्या, गटारी. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट त्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. अजून रायगडातल्या घरांत त्या अमावास्येला कुणी ना कुणी आठवण काढतं. पट्टीवर खडकाचा ठिपका काळ्या शाईचा, बाजूला फक्त तारीख.

परतताना सूर्य शहराच्या मागे गेला होता. पुढे जयगड-विजयदुर्गापर्यंत रो-रो नेण्याची घोषणा या वर्षी झाली आहे. ती खरोखर वर्षभर चालली तर आत्याच्या बोटीची वाट पुन्हा उघडेल. जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले: ही नावं कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून स्टेशनांसारखी ओळीने पाठ आहेत.

11 जानेवारी 2026, रविवार

शाई. किनारा तीन रंगांत: गेरू, हिरवा, निळा. भाऊच्या धक्क्याला दोन जागा दिल्या, एक कर्नाक बंदराकडे, एक माझगावला, आणि दोघांना जोडणारी तुटक रेघ. मैत्रिणीला ती रेघ पटत नव्हती. म्हणाली, "धक्का थोडाच चालत गेला?" मी म्हटलं, नाव चालत गेलं, लाँचा चालत गेल्या, टोपल्या घेऊन बायका चालत गेल्या. मग धक्का गेला नाही असं कसं म्हणू? अर्धा तास वाद झाला. शेवटी रेघ राहिली.

खालच्या रिकाम्या जागेत तीन मागण्या लिहिल्या. नव्या आराखड्यात प्रत्येक धक्क्यावर ओहोटीलाही उतरता येईल अशी पायरी किंवा तरंगता फलाट हवा. मासळी उतरवणाऱ्यांची जागा बागेसाठी हलवू नये. जुन्या दगडाचे दर्जे चुन्यानेच भरावेत. यापलीकडे मला मागायचं नाही.

18 जानेवारी, रविवार, अमावास्या

पट्टी लागली. आत्याला टॅक्सीने आणलं. तिने चष्मा पुसून गेरूची रेघ खालपासून वरपर्यंत बोटाने पाहिली. मी विचारलं, "आत्या, आता दाखव. कुठे उतरलीस?"

नकाशा तिला लागेना. मग ती नकाशा सोडून बोलायला लागली. देवगडला पडावातून बोटीवर चढवलं, आईला बोट लागली, "माका काय लागली नाय." सकाळी पायऱ्या, पायऱ्या ओल्या, तात्यांच्या डोक्यावर ट्रंक, आणि बाहेर आल्यावर चढण. चढणीवर व्हिक्टोरिया घोडागाडी उभी, तिच्यात बसून लालबागला. "चढण होती," असं तिने तीनदा सांगितलं.

पट्टीवर चढण एकाच ठिकाणी आहे, डॉकयार्ड रोडच्या टेकडीची. भाचीने तिथून पाण्याकडे मागे येत पेन्सिलीने बारीक फुली केली. आत्याने फुलीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हां. हंयच."

उद्या फुली शाईने करायची आहे.